कोणतं नाव कायम ठेवू?

वाळपईच्या दवाखान्यात नोंदींच्या खोलीला खिडकी नाही,
म्हणून संगणक तिथंच बसवला.
तीन महिने मी एकेक केसपेपर
गंजलेली टाचणी उपसून काचेवर पालथा घालते आहे.
कसरीनं खाल्लेल्या जागी
पडद्यावर नुसतं पांढरं दिसतं, भोक नाही.

सत्तरीतली निम्मी म्हातारी माणसं
आता एक जानेवारीला जन्मलेली आहेत.
तारखेची चौकट रिकामी सोडता येत नाही
आणि "काजू मोहरले तेव्हा, काकाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी"
एवढं लांब तिच्यात मावत नाही.
पणजीहून शिकवायला आलेला मुलगा म्हणाला, चालतं.
मी चालवलं.

बुधवारी एक्याऐंशी सालचा गठ्ठा निघाला.
फुर्ताद दोतोरांचं अक्षर,
वाऱ्यात छत्री धरून चालल्यासारखं एका बाजूला कललेलं.
दुर्पत गांवस, कोपार्डे, वय सतरा, बाप खुशाली.
ओळख: डाव्या कोपरावर काजूबियांच्या तेलानं भाजल्याचा डाग,
विड्याच्या पानाच्या आकाराचा.
आणि खाली तांबड्या शाईत, दोनदा रेघ मारून:
पेनिसिलीन नाही. पुन्हा कधीच नाही.
रात्री अडीचला श्वास परत आला.

स्कॅनरनं तांबडं करडं करून टाकलं.
अ‍ॅलर्जीच्या रकान्यात मी औषधाचं नाव भरलं.
"पुन्हा कधीच नाही" साठी बटण नव्हतं,
श्वास परत आल्यासाठीही नव्हतं.

अकराच्या सुमारास केरीची सुलक्षणा मळीक आली,
पोटरीत कोयता लागलेला, फडकं भिजून काळं.
नवा डॉक्टर पडद्याकडे बघत विचारत होता,
कशाची अ‍ॅलर्जी? पूर्वी कधी काही?
ती म्हणाली, काही नाही.
आधाराला तिनं कोपर टेबलावर टेकलं
आणि मी ते पान पाहिलं.

बाय, तुमचं माहेर कुठलं?
कोपार्डे.
आणि तिथलं नाव?
तिनं मागं वळून पाहिलं,
मी दुसऱ्याच कुणाला विचारते आहे असं वाटून.

मग सुई बदलली, टाके पडले,
दुसऱ्या गोळ्या लिहून झाल्या.
ती रात्र तिला आठवत होती.
"ती कसली अ‍ॅलर्जी? देवचार बसला होता छातीवर,
आई सांगायची. नारळ दिला, तो उठला."
डॉक्टर हसला नाही. बरं वाटलं मला.

पडद्यावर ओळ आली:
दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या वाटतात. एकत्र करायच्या?
हो.
कोणतं नाव कायम ठेवू?
आणि त्याआधी संमतीचा ओटीपी, तोही मुलाच्या मोबाइलवर,
मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात,
मोबाइल पाळी सुटेपर्यंत गेटवर जमा.

म्हणून तीन वाजेपर्यंत ती माझ्या बाकावर बसून राहिली.
मध्येच वीज गेली, यूपीएस किणकिणत राहिला.
मी डब्यातली भाकरी अर्धी दिली.
"लग्नात ताटात तांदूळ पसरले," ती म्हणाली,
"ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं.
मी चार बुकं शिकलेली, वाचत होते, 'सुल' पर्यंत आले,
तर सासूनं तांदूळ भरून घेतले.
शिजवले असतील त्याच रात्री."

तीन वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.
मुलाचा आवाज यंत्रांच्या घरघरीतून मोठा येत होता:
आये, कसला तरी मेसेज आलाय दवाखान्याचा.
ही दुर्पत कोण?

तिनं फोन कानापासून जरा लांब धरला.
पडद्याकडे पाहिलं, जिथं ती दोघी
एकीखाली एक उभ्या होत्या, दोघींची जन्मतारीख एक जानेवारी.
"तू आकडे सांग आधी," ती त्याला म्हणाली,
आणि मला, हळूच,
"दोन्ही नाही का बसत?"

चौकट चाळीस अक्षरांची आहे.
मी बोटांवर मोजलं,
मधलं 'ऊर्फ' धरून.
बसतात.